सनाच्या आवाजाबद्दल

आमच्या शाळेच्या बस दोनदा सुटत. पहिली फेरी दीड वाजता, शेवटची घंटा झाली की लगेच. दुसरी पावणेतीनला. या दोन फेऱ्यांच्या मधल्या सव्वा तासाला शाळेच्या कागदांवर ‘सहशालेय उपक्रम’ असं नाव होतं. मुली त्याला ‘क्लब’ म्हणत आणि आम्ही शिक्षिका ‘ड्यूटी’. मी जीवशास्त्र शिकवते, पण एकोणीस वर्षं त्या सव्वा तासाची इन-चार्ज आहे, आणि जुन्या विद्यार्थिनी कुठे भेटल्या की बोलतात ते क्लबांबद्दलच. जीवशास्त्राबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

शाळा सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरची, भारतीय. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात शाळेचा दोष नाही, माझा आहे. मुलींचा विभाग वेगळा, मुलांचा दोन किलोमीटरवर. बस मात्र त्याच. त्या बस आधी आमच्या मुली सोडायच्या, मग मुलांकडे जायच्या, मग परत आमच्याकडे यायच्या. म्हणून ती दुसरी फेरी.

इथं न राहिलेल्या वाचकाला या दुसऱ्या बसचं महत्त्व कळायचं नाही. तेव्हा इथं बायका गाडी चालवत नसत. वडील सहाला घरी येणार, दमलेले. मुलीला एकटीला टॅक्सीत कोण बसवणार? शुक्रवारी मॉल, नाहीतर समुद्रावर, तेही आईवडिलांबरोबर, आईवडिलांच्या मित्रांकडे. त्यामुळे तीन गल्ल्या सोडून राहणारी मैत्रीण असली तरी ती भेटायची शाळेतच. तासाभरावरच्या रास तनुराहून येणाऱ्या मुलींचं तर विचारूच नका. मैत्री, भांडण, अबोला, वाढदिवसाचा डब्यातून आणलेला केक, कुणाचा भाऊ कुणाला आवडतो, सगळं त्या सव्वा तासात उरकावं लागे.

म्हणून मुली क्लबात विषयासाठी येत नसत, दुसऱ्या बससाठी येत. एक मल्याळी मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली होती, “मॅम, मेरा नाम किसी भी क्लब में डाल दो. घर पे भैया की एंट्रन्स की पढाई चल रही है, छींक भी नहीं सकते.” मी तिला खगोलशास्त्रात टाकलं. आमच्याकडे दुर्बीण नव्हती, आणि क्लब भर दुपारी भरायचा. ती तीन वर्षं नियमित येत होती.

क्लब चालवणं म्हणजे काय, तर पाच गोष्टी जुळवायच्या. खोली, बाई, मुली, पालकांची सही आणि बसमधली सीट. पहिल्या चार जमल्या आणि सीट नाही, तर क्लब नाही. तेव्हा इथं शाळेत गाणं चालत नसे, म्हणून गाण्याचा क्लब काढायला आमच्या प्रिन्सिपल मॅडम कचरत होत्या, तेव्हा मी ‘काव्यपठण’ काढला. मुली तिथं कविता चालीत म्हणत. प्रिन्सिपल मॅडम एकदा दाराशी येऊन ऐकत उभ्या राहिल्या आणि “छान पाठ आहे हो” असं इंग्रजीत म्हणून गेल्या. अशा गोष्टी मला चांगल्या जमत. याचा मला अभिमान होता, आणि अजूनही थोडा आहे.

पण या कामातली खरी अडचण वेगळी होती. आमच्या मुली कधीही नाहीशा व्हायच्या.

इथं कुटुंबाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वडिलांच्या नोकरीला बांधलेला. प्रोजेक्ट संपलं, कंपनीनं माणसं कमी केली की पासपोर्टवर फायनल एक्झिट लागतो. कायमचं परत. दहा-पंधरा दिवसांत घर आवरायचं, शाळेतून दाखला घ्यायचा आणि निघायचं. मुलीला बहुतेक वेळा शेवटी कळतं. वडील सांगत नाहीत, कारण त्यांना वाटत असतं दुसरीकडे जमेल.

एका वर्षी आम्ही स्नेहसंमेलनाला नाटक बसवलं. प्रेक्षक सगळ्या आया आणि मुली, त्यामुळे राजाही मुलगीच, काजळाच्या मिशा लावून. रुखसाना नावाची हैदराबादची मुलगी राजा होती, काय चालायची! प्रयोगाच्या आठ दिवस आधी ती सकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत मुकुट घेऊन आली. “मॅम, ताज वापस. मंगल को फ्लाइट है.” आठ पानं संवाद. आठ दिवसांत कोण पाठ करणार? शेवटी मिशा मीच लावल्या. राणी मरते त्या प्रसंगी मी रडायला लागले आणि सगळा हॉल हसायला लागला, कारण पहिल्याच रांगेतल्या माझ्या वर्गाला मी साडीत आणि खडूत सोडून कधी दिसलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, “पुढच्या वेळी जाणाऱ्या मुलींना मोठी कामं देऊ नका.”

“जाणाऱ्या कोण, हे मला कसं कळणार?”

“कळवून घ्यायचं.”

मी ते मनावर घेतलं. कळवून घ्यायला लागले. किराणा दुकानाच्या दारावर ‘सोफा विकणे आहे’ अशा चिठ्ठ्या लागत, त्यातले फोन नंबर मी ओळखू लागले. एखादी आई दाखल्याचे नियम सहज विचारून जाई. कुणी कुंड्या वाटायला लागे. मुली निष्पापपणे सांगत, “मॅम, पापा ने बोला इस साल नयी सायकल नहीं.” मी कागदावर काही लिहीत नसे. डोक्यात यादी असे. त्या यादीतल्या मुलींना मी झाडं, सैनिक, निवेदक क्रमांक दोन अशी कामं देई. त्यांना वाईट वाटे, पण ते माझ्यापर्यंत पोचत नसे. पुढची सात वर्षं माझी एकही टीम मोडली नाही. बाकीच्या शाळांतल्या बाया विचारत, “तुमचं कसं हो इतकं सुरळीत?” मी हसायचे.

खरं सांगायचं तर यादीचा सगळ्यात पक्का भाग घरातून येई. माझे यजमान, श्रीकांत, एका कंत्राटी कंपनीच्या पर्सोनेल खात्यात होते. इकामे, एक्झिट, री-एंट्री हेच त्यांचं काम. आमच्या शाळेतले पुष्कळ पालक त्याच कंपनीत. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे संध्याकाळच्या चहाला बोलायचं ते त्यांच्या ऑफिसबद्दल नाहीतर माझ्या शाळेबद्दल. ते विश्वासानं बोलत. मी कुणाला काही सांगणारी नाही, हे त्यांना माहीत होतं. मी खरोखरच कुणाला काही सांगितलं नाही. फक्त वापरलं.

सना मुकादम नववीत असताना वादविवादाच्या क्लबात आली. वडील खेडचे, श्रीकांतच्याच कंपनीत पाइपच्या कामावर फोरमन. आई रशिदाभाभी. त्या मला पहिल्यांदा भेटल्या पालकसभेत. आठ भाषांचा गलबला चाललेला, आणि त्यात मागून आवाज आला, “तुमी चिपळूनच्या ना? मग मी हिंदीत कशाला बोलू?” त्या खेडला मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. आधी मॅडम म्हणायच्या, महिन्याभरात ताई म्हणायला लागल्या. त्या सनाच्या डब्यातून माझ्यासाठी वाफवलेली गोड सांदणं पाठवत. त्या शाळेत माझ्याशी घरच्या भाषेत बोलणारी ही दोनच माणसं, आई आणि लेक.

सना हळू बोलायची. क्लबातल्या बाकीच्या मुली बोलायला उभ्या राहिल्या की मागे कुणी लागल्यासारख्या बोलत. तीन मिनिटांत सगळं कोंबायचं, हेच वक्तृत्व अशी समजूत. त्या दिवशी विषय होता गृहपाठ बंद करावा का. सना उठली, एक वाक्य बोलली आणि थांबली. मला वाटलं विसरली. मी पुढचा शब्द सुचवणार होते, तोच लक्षात आलं की मागच्या बाकावरच्या दोघी, ज्या कधीच गप्प बसत नसत, त्या तिच्याकडे बघतायत. मग ती दुसरं वाक्य बोलली. आवाज वयाच्या मानानं खालचा, जरा जाडसर. तीस किनऱ्या आवाजांनंतर परीक्षकांनी पेन खाली ठेवावं असा. कुठं थांबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला ते शिकवता येतं असंही नाही. एकोणीस वर्षांत तशी मुलगी मला ती एकच मिळाली. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. पोरींना फार चढवू नये, अशा मताची मी.

रियाधला भारतीय शाळांची स्पर्धा असे. दोन मुलींची टीम. सहा आठवडे आधी नावं पाठवायची, इकाम्याच्या प्रतीसकट, आणि नंतर बदल नाही. मुलगी आली नाही तर टीम बाद. सनाचं नाव मी डोळे झाकून लिहिलं होतं. बरोबर अकरावीची एक तेलुगू मुलगी. फॉर्म दुसऱ्या दिवशीच पाठवायचं मी ठरवलं होतं, शेवटच्या तारखेला अजून चार दिवस होते.

संध्याकाळी श्रीकांत चहा ढवळत म्हणाले, “खेडच्या मुकादमांची मुलगी तुझ्याकडे आहे ना?”

“क्लबात आहे. का?”

“यादी आलीय. प्रोजेक्ट आटपतंय. महिन्याभरात नोटिसा. त्यांना अजून पत्ता नाही. तू बोलू नकोस.”

“मी कधी बोलते?”

“तसं नव्हे. बरा माणूस आहे, म्हणून सांगितलं.”

मी फॉर्म दोन दिवस अडवून ठेवला. स्पर्धा दीड महिन्यावर, नोटीस महिन्यावर. हिशेब सरळ होता. तिसऱ्या दिवशी मी सनाचं नाव काढून आठवीतल्या एका मुलीचं घातलं. ती बरी होती, पोपटासारखी घडाघडा बोलायची.

इथपर्यंत माझं काही फार चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते पुढे.

क्लबानंतर सना जीवशास्त्राच्या लॅबमध्ये आली. दुसऱ्या बसला दहा मिनिटं होती. आम्ही दोघीच असलो की ती मराठीत बोलायची. “मॅम, माझं काय चुकलं?”

मी ठरवून ठेवलं होतं की म्हणायचं, मोठ्या मुलींना संधी देतोय. पण जी मुलगी घेतली ती आठवीतली. सना ते लगेच बोलली असती. नियम बदललेत म्हणावं, तर नियम फळ्यावर लावलेले. खरं सांगावं, तर तिच्या वडिलांची नोकरी जाणार हे तिला माझ्याकडून कळणार, आणि कुणी सांगितलं हे तासाभरात कंपनीत पोचणार. मला असं कारण हवं होतं जे तिला मोडता येणार नाही.

मी म्हणाले, “तुझा आवाज बसका आहे, सना. आणि तू मध्ये मध्ये थांबतेस. ऐकणाऱ्याला वाटतं विसरली. घरात ठीक आहे, स्टेजवर नाही चालत.”

तिनं टेबलावरची बेडकाची बरणी बाजूला सरकवली. “आधी सांगितलं असतंत तर मी सुधारलं असतं.”

“आवाज सुधारत नसतो. देवानं दिलेला असतो.” हेही मी बोलले. याची गरज नव्हती. तिनं आणखी काही विचारू नये म्हणून बोलले.

“ओके, मॅम.” तिनं दप्तरातून मुद्द्यांची कार्डं काढून टेबलावर ठेवली. “ही तिला द्या. तिला उपयोगी पडतील.” आणि ती बसकडे गेली.

बाई आवाजाबद्दल बोलली की ते खरं. चौदा वर्षांच्या मुलीकडे त्यावर उत्तर नसतं. ते मला माहीत होतं, म्हणूनच मी ते निवडलं. आणि दोष तरी कुठला सांगितला, तर नेमका तिचा गुण होता तोच उचलला. तिच्याकडे दुसरं काही लक्षात राहण्यासारखं नव्हतं ना, मग जे समोर होतं तेच उलटं करून हातात दिलं.

आमच्या टीमला दुसरा क्रमांक मिळाला. प्रिन्सिपल मॅडमनी प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घेतलं.

नोटिसा आल्या. मुकादमांना आली नाही. रास तनुराच्या कामावर पाइपची माणसं कमी पडत होती, तिकडे त्यांना घेतलं. श्रीकांत खूश होते. “मुकादम वाचले बघ. शेवटच्या क्षणी.”

मी सनाचं काय केलं ते त्यांना तेव्हा सांगितलं. ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मी तुला घरात सांगितलं होतं.”

“माहीत आहे.”

“आता तिला सांगून टाक. चूक झाली म्हणावं.”

“काय सांगू? की तुम्ही यादी फोडलीत?”

ते उठून आत गेले. त्यांना गप्प करायला मला हे वाक्य पुढची बरीच वर्षं उपयोगी पडलं. पण वाचकहो, यादीचं नाव न काढताही सांगता आलं असतं. “सना, माझं ऐकण्यात चुकलं, परत ये.” एवढंच. त्याला श्रीकांतच्या नोकरीचा काही धोका नव्हता. मला फक्त एका मुलीसमोर चुकल्याचं कबूल करावं लागलं असतं. ती आपणहून परत येईल, मग मी काही न बोलता घेईन, अशी मी वाट बघत बसले. ती आली नाही. तिनं क्राफ्टचा क्लब घेतला. दर सोमवारी आणि बुधवारी ती रंगीत कागदांची गुंडाळी काखेत मारून माझ्या खोलीवरून जायची आणि “गुड आफ्टरनून, मॅम” म्हणायची. मी “गुड आफ्टरनून” म्हणायचे. असं चार वर्षं.

त्याच वर्षाच्या शेवटच्या पालकसभेत रशिदाभाभी आल्या. खुर्ची ओढून जवळ बसल्या, आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “ताई, एक विचारू? सनाच्या गळ्यावर काय औषद असतंय का?”

“गळ्याला काय झालं?”

“तुमीच सांगितलंत ना तिला, आवाज बसका हाय म्हनून. घरी येऊन रडली न्हाय, काय न्हाय. पन आरशासमोर उभी राहून बोलायची ना, ते सोडलंन. मी दोन डॉक्टरांकडे नेली. एक हितला, एक दम्मामचा. दोघं म्हनतात काय न्हाय. मशीन घालून बघितलंनी. मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय, रोज ऐकतात त्या मॅडम.”

पालकांच्या रांगेत त्या शेवटच्या होत्या. मी म्हणाले, “वयात येताना होतं असं. सुटेल आपोआप.”

“मग बरं,” त्या म्हणाल्या. “जीव भांड्यात पडला.” जाताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेला मी घाईत होते असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळेला मला कसलीही घाई नव्हती.

बारावीच्या निरोप समारंभात आमच्याकडे प्रत्येक मुलगी माइकवर दोन वाक्यं बोलते. काही रडतात, काही नक्कल करतात. सनाची पाळी आली तेव्हा तिनं आपली चिठ्ठी मैत्रिणीच्या हातात दिली. मैत्रिणीनं ती वाचली. त्यात सगळ्या शिक्षिकांचे आभार होते, माझे तर नाव घेऊन. मग मुकादम कुटुंब खेडला परत गेलं, आणि मी मनाशी म्हणाले, चला, संपलं.

या वर्षी श्रीकांत निवृत्त झाले. आता आमचाही एक्झिट लागेल, दिवाळीनंतर आम्ही चिपळूणला कायमचे येतो आहोत. शाळेनं मला सांगितलं, जाण्याआधी क्लब कुणाच्या तरी हातात नीट द्या, नव्या शिक्षिकांच्या मुलाखतींना बसा. गणिताच्या जागेसाठी पाच अर्ज होते. चौथ्या अर्जावरचा फोटो बघून मी चष्मा पुसला.

सना आता सव्वीस वर्षांची आहे. एम.एस्सी., बी.एड. लग्न होऊन परत इथं आलीय, नवरा दापोलीचा, जुबैलला इंजिनिअर. ती स्वतः गाडी चालवत आली होती, किल्ली बोटात फिरवत. मला बघून धावत आली आणि मिठी मारली. मी ताठ उभी होते.

तिनं आठवीच्या वर्गावर नमुना तास घेतला, अवयव पाडण्याचा. गणित पक्कं होतं. पण ती अख्खा तास फळ्याकडे तोंड करून होती. सगळं लिहून काढायची आणि जे बोलायची ते एका दमात, शब्द गिळत, दुसरीकडे कुठे तरी जायचं असल्यासारखं. मागे बसलेल्या सुपरवायझर मॅडमनी माझ्याकडे कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘विषय चांगला, पोचत नाही.’

तास संपल्यावर मी तिला विचारलं, “इतकी घाईत का बोलतेस, सना?”

ती हसली. “तुम्हीच सांगितलं होतंत ना, मॅम. मी मध्ये थांबते म्हणून. तेव्हापासून मी थांबतच नाही. पुष्कळ प्रॅक्टिस केली. खरंच, त्याचा खूप उपयोग झाला.”

ती हे टोमणा म्हणून म्हणत नव्हती. माझे आभार मानत होती. तिच्या हातातल्या फॉर्मवर ‘कोणता उपक्रम घेऊ शकाल’ यापुढे ‘क्राफ्ट’ लिहिलेलं होतं.

मी तिला पार्किंगच्या पत्र्याखाली नेलं आणि सगळं सांगितलं. यादी, फॉर्म, लॅब, पालकसभा. श्रीकांतचं नावही सांगितलं. अर्जावरचा फोटो बघितला त्याच रात्री त्यांना विचारलं होतं, ते म्हणाले, “माझंही सांग. निम्मं माझंच आहे.” मी आयुष्यात इतकं सलग कधी बोलले नसेन.

सनानं गाडीला टेकून ऐकलं. मग एकच विचारलं. “म्हणजे आवाज?”

“आवाजात काही नव्हतं. कधीच नव्हतं. तुझ्यासारखं बोलणारी मुलगी मला त्याच्या आधी मिळाली नव्हती, नंतरही नाही.”

“आणि थांबणं?”

“तेच तर चांगलं होतं.”

तिनं गाडीचं दार उघडलं, मग परत लावलं. “रागवायला हवं ना मी? मला अजून कळत नाहीये, मॅम. घरी जाऊन बघते.”

“बघ.”

“पण आईला सांगायला हवं. ती अजून मला फ्रीजचं पाणी पिऊ देत नाही. व्हिडिओ कॉलवर बघते ना, हातात ग्लास दिसला की ओरडते.”

“मी आजच फोन करते.”

“फोन नको.” पहिल्यांदाच ती जरा कडक बोलली. “फोनवर ती म्हणेल, जाऊ दे ताई, पोरगी सुखात आहे ना. दोन मिनिटांत माफ करून टाकेल, आणि तुम्हाला बरं वाटेल. लिहून द्या. तुमच्या चिपळूणच्या मंडळाचा दिवाळी अंक असतो ना? खेडला शेजारच्या काकी तिला देतात, ती अथपासून इतिपर्यंत वाचते. तुमच्या नावानं छापलेलं असलं की दोनदा वाचेल.”

“तुझं नाव बदलून लिहिते.”

“बदला. आई ओळखेल.”

तिला नोकरी मिळाली. मुलाखतीच्या कागदावर मी माझं मत लिहिलं आणि त्याखाली, ती घाईत बोलते ते माझ्यामुळे, हेही दोन ओळींत लिहिलं, ते वाचून प्रिन्सिपल मॅडमनी सही केली. वादविवादाचा क्लब घेशील का, असं मी सनाला विचारलेलं नाही. तो प्रश्न विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. क्लबांच्या तक्त्यात त्या रकान्यात नाव न घालता मी तो नव्या इन-चार्जकडे दिला आहे. सना अजून मला तिच्या रागाबद्दल काही बोललेली नाही. भेटली की “गुड आफ्टरनून, मॅम” म्हणते.

संपादकांनी शाळेतले गमतीचे अनुभव मागितले होते. मिशांचा प्रसंग मी वर लिहिला आहे, तो त्यांच्यासाठी. उरलेलं एका वाचकासाठी आहे.

रशिदाभाभी, डॉक्टर खरं बोलत होते, दोघंही. सनाच्या गळ्याला काही झालेलं नव्हतं. तिनं आरशासमोर बोलणं सोडलं ते माझ्या खोटं बोलण्यामुळे, आणि तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात तेव्हा मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. सना म्हणते, तुम्ही हे दोनदा वाचाल. पहिल्यांदा वाचून मला माफ करून टाकू नका. दुसऱ्यांदा वाचा आणि मग फोन करा, मला नको, तिला. तिला काय बोलायचं ते बोलू दे. मध्येच ती गप्प झाली, तर लाइन कटली असं समजून ठेवू नका. थोडं थांबा, ती बोलेल.